करवतीची खालची बाजू

गावात भोंगे दोन होते आणि दोन्ही एकाच वेळी बोलत. एक पाण्याच्या टाकीवर बांधलेला, तो ट्रॅक्टरवाल्याचा. दुसरा बाजाराच्या तोंडाशी विजेच्या खांबावर, तो वीटभट्टीवाल्याचा. दोघेही निवडणुकीला उभे होते, आणि दोघांनाही गावाचं भलं करण्याची इतकी घाई झाली होती की गावाला दुपारची झोप म्हणून राहिली नव्हती. सुरुवातीला लोकांनी मजा घेतली. मग मजेतला जीव गेला. चहाच्या टपरीवर माणूस आधी बाकावर कोण बसलंय ते बघायचा आणि मग ठरवायचा, आपल्याला चहा हवाय की नको. पाण्यावर बायका एकमेकींशी फक्त उन्हाबद्दल बोलत. साधं ‘काय चाललंय’ विचारलं तरी समोरचा क्षणभर थांबे, हा नेमका कुणाच्या बाजूने विचारतोय म्हणून.

या सगळ्यात दोन माणसं कुणाच्या अध्यात ना मध्यात होती. ती लाकूड कापत. मोठा ओंडका उंच लाकडी घोडीवर आडवा चढवायचा, काजळी लावलेल्या दोरीने त्यावर सरळ रेघ मारायची, आणि मग एकाने ओंडक्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने ओंडक्याखाली. मध्ये माणसाएवढ्या उंचीची करवत. वरच्याने ती वर घ्यायची, खालच्याने खाली ओढायची. ढकलायचं कुणीच नाही. ढकललं की पातं वाकतं आणि चिरेत अडकून बसतं. इतकी वर्षं दोघांनी हेच केलं होतं, म्हणून गावाने एकाला वरचा म्हटलं आणि दुसऱ्याला खालचा, आणि आता त्यांच्या घरच्यांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शहराच्या वाटेवर लाकडाची वखार होती, तिथे मशीन होतं. पण जे झाड ट्रकमध्ये मावत नाही किंवा जिथून ट्रक निघत नाही, ते या दोघांच्या वाट्याला येई.

कामाची एक रीत होती. काम चालू असताना बोलायचं नाही. खालच्याने तर तोंड उघडायचंच नाही, कारण वरून सारखा भुसा पडतो. डोळे बारीक करून, डोक्याला फडकं गुंडाळून त्याने नुसतं ओढत राहायचं. थांबायचं असेल तर वरचा टाच आपटे. एकदा आपटली की थांब, दोनदा आपटली की चिरेत पाचर मार. संध्याकाळी करवत वरच्याच्या घरी जाई. तिची खालची मूठ सुटी होई, ती खालच्याच्या घरी. एकाला दुसऱ्यावाचून काम करताच येऊ नये, असा हा बंदोबस्त. तो कुणी घालून दिला होता ते दोघांनाही आठवत नव्हतं.

शाळेच्या मागचं जुनं झाड वादळात पडलं होतं. हेडमास्तरांना त्याच्या फळ्या हव्या होत्या, बाकांसाठी. तो ओंडका अर्धा कापून झाला होता, तेव्हा ते घडलं.

वरच्याचा पुतण्या ट्रॅक्टरवाल्याकडे कामाला होता. त्या ओळखीने वरच्याला एक मोबाइल मिळाला होता आणि मोबाइलबरोबर मोठ्या माणसांचे फोन. सकाळपासून दोनदा त्याने टाच आपटून काम थांबवलं होतं आणि ओंडक्यावर उभा राहून, मोकळा हात छातीवर ठेवून, “हो साहेब, होय साहेब” केलं होतं. खालचा खाली उभा राहून त्याच्या पायांकडे बघत होता. खालच्याला त्याचे पायच दिसत. त्या पायांवरून त्याला वरच्याचं सगळं कळे: दमला असेल तर डावा पाय आधी सरके, घरी भांडून आला असेल तर दोन्ही पाय लाकडावर घट्ट रोवलेले. फोनवर बोलताना मात्र ते पाय जुळलेले असत, शाळेतल्या मुलासारखे. खालच्याला ते बघून कसंसंच झालं.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा वरच्याने टाच आपटली नाही. त्याने मूठ सोडली.

खालचा तेव्हा पूर्ण जोर लावून ओढत होता. वर कुणी धरलेलंच नाही म्हटल्यावर करवत सगळीच्या सगळी खाली आली, तो मागे भुशात पडला आणि पात्याचे दाते त्याच्या गालावरून गेले. दुखलं नाही. गरम वाटलं. त्याने हात लावला तर बोटं गालात जराशी आतच गेली.

वरून आवाज आला, “येतो साहेब. माणसं घेऊनच येतो.” मग आवाज त्याच्या दिशेने वळला. “लागलं का रे?”

खालचा काही बोलला नाही. त्याचं तोंड भुशाने भरलं होतं हे खरं, पण ते काही कारण नव्हतं. तो वाट बघत होता की ते पाय खाली उतरतील. खाली उतरायला शिडी होती, चार पायऱ्यांची. पाय जागेवर वळले, पुन्हा जुळले, आणि फोन पुढे चालू झाला. खालच्याने पात्यातली पाचर काढून मूठ सोडवली, ती काखेत धरली, गालावर फडकं दाबलं आणि तो निघाला.

दवाखान्यात नर्सबाईंनी गाल शिवला. बायको धावत आली होती, ती बाकाच्या टोकावर बसून त्याच्या शर्टावरचं रक्त बघत राहिली. बाहेर पडताना दाराशीच त्यांना मेहुणा भेटला. हा वीटभट्टीवाल्याचा मेहुणा. त्याची दुसरी काही ओळख नव्हती आणि त्याला तिची गरजही पडत नसे. सगळं गाव त्याला मेहुणाच म्हणे. वीटभट्टीवाल्याच्या भोंग्यातून जो आवाज येई तो याचा. एरवी हा माणूस खालच्याला “ए खालच्या” म्हणून हाक मारायचा. त्या दिवशी तो म्हणाला, “काका, काय झालं हो?”

“करवत लागली.”

“वरच्याच्या हातात होती ना?”

“हो.”

“बास,” मेहुणा म्हणाला, आणि त्याने मोबाइल काढून पट्टीचा फोटो घेतला.

संध्याकाळी बाजाराच्या खांबावरून सगळ्या गावाने ऐकलं. ट्रॅक्टरवाल्याच्या माणसाने एका गरीब कामगारावर करवत चालवली. का, तर तो त्यांच्या सभेला यायला नाही म्हणाला. ही यांची लोकशाही. आज गाल कापलाय, उद्या काय कापतील. खालचा घरात बसून पेजेसारखं काहीतरी चमच्याने तोंडाच्या एका बाजूने आत सोडत होता. त्याचा हात थांबला.

“असं झालं?” बायकोने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. मान हलवताना टाके ओढले गेले.

“मग सांगायला हवं कुणालातरी.”

त्याने खांदे उडवले. उद्या सांगू, असं त्याच्या मनात होतं. वरचा आधी येऊ दे, खाली बसू दे, गाल बघू दे. मग सांगू.

वरचा आला नाही. त्याने भोंगा ऐकला होता, आणि खालच्यानेच हे पढवलं असं तो धरून चालला. दुसऱ्या दिवशी टाकीवरचा भोंगा उत्तर द्यायला लागला: तो कामगार दारू पिऊन पडला, आमच्या माणसाला बदनाम करतोय. खालच्याने उभ्या आयुष्यात दारू प्यायली नव्हती. त्याला प्यायला वेळच मिळाला नव्हता. पण आता तो रस्त्याने निघाला की एका बाजूचे लोक त्याच्या गालाकडे कळवळून बघत आणि दुसऱ्या बाजूचे नाक वर करून हवा हुंगत. तो रस्त्याने निघेनासा झाला.

मेहुणा मात्र रोज यायचा. त्याने एक नवा शर्ट आणला. सभेच्या दिवशी त्याने खालच्याला गाडीत घालून नेलं आणि व्यासपीठावर, दुसऱ्या रांगेत का होईना, खुर्चीवर बसवलं. खालच्याला काही बोलायचं नव्हतं. “तुम्ही फक्त बसा काका, तुमचा गालच बोलतोय,” मेहुणा म्हणाला. आणि खरं सांगायचं तर खालच्याला ते वाईट वाटलं नाही. हे त्याने नंतर स्वतःशी कबूल केलं, आणि तेच त्याला जास्त खाऊ लागलं. सगळा जन्म ओंडक्याखाली गेलेला माणूस. त्याच्या डोक्यावर नेहमी दुसऱ्याचे पाय. तो उंचावर बसला आहे, आणि लोक मान वर करून त्याच्याकडे बघताहेत, खुद्द वीटभट्टीवाला वळून “दुखतं का फार?” विचारतोय, हे त्याला आवडलं. ज्याने खाली उतरून विचारायला हवं होतं तो उतरला नव्हता. मग जो विचारेल तो आपला, असं त्याच्या मनाने ठरवून टाकलं.

तेवढ्यात गर्दीच्या कडेने वरचा सायकलवरून जाताना दिसला. कुणीतरी ओरडलं, “हा बघा करवतवाला.” हशा झाला. कुणीतरी त्याच्या सायकलच्या चाकात पाय घातला. वरचा खाली उतरला, सायकल हातात धरून चालू लागला, आणि त्याने एकदाच मान वर केली. व्यासपीठाकडे. खालच्याला त्याचा चेहरा असा समोरून, खालून वर बघणारा, कधी दिसलाच नव्हता. तो किती म्हातारा झाला होता. खालच्याला वाटलं उठावं, माइक ओढून घ्यावा आणि सांगावं, की त्याचा हात सुटला, बाकी काही नाही. तो खुर्चीच्या कडेपर्यंत सरकलासुद्धा. मेहुण्याने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमाने, आणि तो बसून राहिला.

त्यानंतर त्याने अंग टाकलं. भिंतीकडे तोंड करून तो दिवसभर पडून असे. झोप येत नसे. डोळा लागलाच तर हात आपोआप ओढायला लागत आणि जाग येई. जेवण समोर आलं की तो ताट बाजूला सारायचा. दोन्ही भोंग्यांत त्याचं नाव असे, आणि ते नाव ऐकून ऐकून त्याला असं वाटायला लागलं की तो कुणीतरी दुसराच खालचा असावा, आणि आपण इथे उगाच पडलो आहोत. बायकोने खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. उपयोग झाला नाही. ती आत येई, ताट ठेवी, ताट उचली. त्यांची मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. घरात ही दोनच माणसं आणि दारात एक शेळी. पूर्वी संध्याकाळी बायको पोती घेऊन कामावर यायची, भुसा भरून कोंबडीवाल्याला द्यायची. आता भुसाही नव्हता.

टाके काढायला ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. नर्सबाईंनी टाके काढले, गालावरून बोट फिरवलं आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

“झोप लागते का काका?”

“नाही.”

“जेवण?”

बायको म्हणाली, “नावाला.”

“छातीत धडधडतं? रडू येतं? कशात मन लागत नाही असं होतं?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेच उत्तर. त्याला फार लाज वाटली. नर्सबाईंनी ते बघितल्याचं दाखवलं नाही.

“सध्या तुमच्यासारखे बरेच येतात,” त्या म्हणाल्या. “परवा एक बाई आल्या होत्या, त्यांची सख्खी जाऊ बोलत नाही त्यांच्याशी, कारण काय तर निवडणुकीचं चिन्ह. हे दिवस जातील. तोवर भोंग्यापासून लांब राहा. व्यासपीठावर जाऊ नका. घरात मोबाइलवर ते व्हिडिओ येत असतील तर बघू नका. रोज चाला. हाताला काम ठेवा. आणि पंधरा दिवसांत नाहीच बरं वाटलं तर मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आहेत या गोष्टींचे, मी चिठ्ठी देते, लाजायचं नाही.” मग त्यांनी सहज विचारलं, “मनातलं कुणाशी बोलता तुम्ही?”

“कुणाशीच नाही,” खालचा म्हणाला.

“असं कसं? कुणीतरी असेल ना.”

“नाही हो बाई. कुणी नाही मला.”

बायको शेजारीच बसली होती, त्याच बाकावर. तिने हातातल्या पिशवीचे बंद एकदा सोडले आणि परत बांधले.

परतीच्या वाटेवर ती पुढे चालली. एरवी ती त्याच्या मागे किंवा बरोबर असे. त्याला ते जाणवलं, पण का ते त्याच्या लक्षात यायला बराच रस्ता जावा लागला. घरी आल्यावर तिने शेळीला चारा टाकला. मग दारात उभी राहून म्हणाली, “बाईंनी हाताला काम ठेवायला सांगितलंय. तो ओंडका अर्धा पडलाय. मी वर उभी राहते.”

“तुला येणार आहे का ते?”

“नाही आलं तर नाही येणार.”

“करवत त्याच्याकडे आहे.”

“ते मला माहितीये,” ती म्हणाली, आणि निघाली.

ती भर गावातून करवत खांद्यावर घेऊन आली. पोत्यात गुंडाळलेली, तरी ओळखू येणारी. ज्यांनी बघितलं त्यांनी आपापल्या सोयीचा अर्थ लावला. दोघांचा समेट झाला, असं एक टोक. हिने वरच्याला दमात घेऊन करवत हिसकावली, असं दुसरं. घरी येऊन तिने पोतं सोडलं तेव्हा खालच्याला दिसलं, दात्यांना ताजी धार होती. कानशीची पांढरी रेघ अजून चमकत होती.

“काय म्हणाला?”

“काही नाही. आत गेला आणि घेऊन आला.”

“धार कधी लावली त्याने?”

“मला काय माहीत. तुम्ही विचारा त्याला.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती दोघं शाळेमागे गेली. ती शिडीवरून ओंडक्यावर चढली, एकदा डगमगली, मग उभी राहिली. त्याने खाली जाऊन मूठ बसवली, पाचर ठोकली. वर बघितलं. तिथे तिच्या टाचा होत्या, भेगा पडलेल्या, आणि एका टाचेला फडकं बांधलेलं. हे फडकं कधीपासून आहे ते त्याला माहीत नव्हतं.

त्याने ओढलं. तिने मदत म्हणून वरून जोर लावला. पातं वाकलं आणि अडकलं.

“ढकलू नकोस,” तो म्हणाला.

“मी धरलंय नुसतं.”

“ढकलतेयस. तू फक्त वर घे. खाली मी ओढतो.”

पुन्हा ओढलं, पुन्हा अडकलं. ती म्हणाली, “सवय आहे हो. घरात जे काही आहे ते ढकलल्याशिवाय हलत नाही.” त्याला हसू आलं, आणि हसायला तोंड उघडलं तर भुसा आत गेला. तो खोकत बसला. ती वरून वाकून बघत होती. तिचा चेहरा असा उलटा, आकाशाला लागलेला दिसत होता. “पाणी देऊ?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शिडीवरून उतरून आली.

हळूहळू जमलं. वरच्यासारखं नाही, रेघ दर वितीवर सुटत होती आणि ती पुन्हा रेघेवर आणायला बोलावं लागत होतं. टाचेची खूण तिला माहीत नव्हती, ती सरळ “थांबा” म्हणे. तो “थोडं डावीकडे” म्हणे. बोललं की भुसा तोंडात जाई, थुंकावं लागे, पण न बोलून चालत नव्हतं. उन्हं वर आली तशी तिने विश्रांती मागितली. ती ओंडक्यावर पाय सोडून बसली. तो खाली भुशात.

“आता मला सांगा,” वरून आवाज आला. “त्या दिवशी काय झालं ते. भोंग्याने सांगितलं ते मी ऐकलंय. तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

त्याने सांगितलं. फोनचं, जुळलेल्या पायांचं, टाच न आपटल्याचं. ‘लागलं का रे’ विचारून न उतरल्याचं. मग व्यासपीठाचं, आणि तिथे बसायला आवडल्याचं. हे शेवटचं सांगताना तो भुशात बोटाने रेघा ओढत होता.

“मग हे तिथेच का नाही सांगितलं?”

“मला राग आला होता.”

“अजून आहे?”

“नाही. आता नुसतं रिकामं वाटतं.”

ती वरून खाली वाकली. “दवाखान्यात तुम्ही म्हणालात, कुणी नाही मला.”

“तसं नव्हतं म्हणायचं.”

“तसंच म्हणायचं होतं. खोटं नाही ते. घरी येता तेव्हा तुमचं तोंड मिटलेलंच असतं, भुसा पडत असल्यासारखं. मला कुणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. फक्त मी म्हटलं असतं, शेळी आहे.”

“शेळी?”

“मी शेळीशी बोलते. ती मान तरी हलवते.”

तिने वरून पाय हलवत ठेवले होते. मग ती उठली आणि म्हणाली, “ओढा.”

खरं बोलायला जायचं हे त्याने त्या दिवशी ठरवलं. पण ठरवणं आणि जाणं यात त्याचे दिवस गेले; रोज सकाळी वाटायचं जावं, आणि रोज संध्याकाळी भोंगा इतक्या जोरात बोलत असे की त्याच्या शेजारी आपला आवाज घेऊन उभं राहायचं त्याच्या जिवावर यायचं. शेवटी एके दिवशी तो नवा शर्ट घडी करून हातात घेऊन मेहुण्याच्या दारात गेला.

मेहुणा ओट्यावर पाय पसरून बसला होता. बाजूला भोंगा उलटा ठेवलेला, वायरचं वेटोळं त्यात टाकलेलं.

“हे परत घ्या,” खालचा म्हणाला. “आणि ते जे तुम्ही सांगता, तसं झालं नव्हतं. त्याचा हात सुटला. त्याने मुद्दाम काही केलं नाही. हे भोंग्यातून सांगा.”

मेहुण्याने जांभई दिली. “कालच प्रचार संपला. आता बोलायला बंदी आहे.”

“मग लोकांना कसं कळणार?”

“कशाला कळायला हवंय? विसरतील.” मेहुण्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. “शर्ट राहू दे तुला. आणि परवा मतदानाला ये रे खालच्या.”

तो तसाच वरच्याच्या घरी गेला. नाही गेला असता तर पुन्हा कधी गेला नसता. वरचा दारात उकिडवा बसून सायकलच्या साखळीला तेल लावत होता. त्याने वर बघितलं, आत आवाज देऊन खुर्ची मागवली. खालचा या घरी आला की उंबऱ्यावर बसायचा. आज तो खुर्चीवर बसला, पाहुण्यासारखा.

“बरा झाला का गाल?”

“झाला.”

“दिसतंय.” साखळी फिरत राहिली.

“मी काही सांगितलं नव्हतं त्यांना,” खालचा म्हणाला. “करवत लागली, एवढंच म्हणालो. पण नंतर गप्प बसलो. ते चुकलं माझं. आज सांगायला गेलो होतो.”

“मग?”

“भोंगा उतरवला होता.”

वरच्याने तेलाचा हात चिंधीला पुसला. बराच वेळ पुसत राहिला. “मी खाली उतरायला हवं होतं,” तो म्हणाला. “साहेब म्हणाले, ताबडतोब निघ. म्हटलं, येऊन बघतो. आलो तर तू नव्हतास, आणि संध्याकाळी ते सुरू झालं.” मग म्हणाला, “परवा साहेब आणि वीटभट्टीवाला एकाच गाडीतून गेले शहरात. पुलाच्या कामाचं काहीतरी आहे दोघांत. हसत होते.”

वरच्याने पुन्हा साखळी फिरवून बघितली.

“शाळेचा ओंडका आहे अजून,” खालचा म्हणाला. “पाव भाग राहिलाय. रेघ फार वाकडी झालीय. तू आलास तर...”

“मी वखारीत लागलो.” वरचा त्याच्याकडे न बघता बोलला. “सोमवारपासून. पुतण्याने बोलून ठेवलं होतं. इथे मला रस्त्याने चालवत नाही रे. टपरीवर गेलो की बाक रिकामा होतो.”

“हे लोक विसरतील.”

“मी कसा विसरू?”

खालच्याने विचारलं, “तिथे खाली कोण असतं?”

“तिथे मशीन आहे. बटण दाबतात. खाली माणूस लागत नाही.”

खालचा उठला. वरचाही उठला, दारापर्यंत आला, आणि तिथे दोघं क्षणभर उभे राहिले. वरच्याने हात पुढे केला आणि त्याच्या गालावरच्या व्रणावरून अंगठा फिरवला, फळीचा काठ बघावा तसा. “करवत तुझ्याकडेच ठेव,” तो म्हणाला, आणि आत गेला.

त्या रात्री खालचा बायकोला काही म्हणाला नाही. तिनेही विचारलं नाही. सकाळी ती दोघं शाळेमागे गेली. शाळेच्या भिंतीवर मतदानाचे कागद चिकटवले होते, पण माणूस कुणी नव्हतं, आणि गावात इतकी शांतता होती की लांबचं कुत्रं खाजवत होतं तेही ऐकू येत होतं. बायकोने टाचेचं फडकं घट्ट केलं आणि शिडीला हात लावला.

“थांब जरा,” तो म्हणाला. “बस.”

ती बसली. तो तिच्या शेजारी बसला, ओंडक्याच्या सावलीत. तोंडात भुसा नव्हता, कुठे काही पडत नव्हतं, तरी त्याला सुरुवात करायला वेळ लागला.

“तो आता यायचा नाही,” तो म्हणाला. “वखारीत लागला. मला फार एकटं वाटतंय गं. काल रस्त्याने येताना वाटलं, कुठेतरी बसावं आणि उठूच नये. तुला सांगितलं नाही. काय सांगायचं, असं वाटतं मला. नेहमी तसंच वाटतं.”

ती ऐकत होती. तिने त्याच्या हातावर हात ठेवला नाही की डोळे पुसले नाहीत. नुसती ऐकत होती, त्याच्याकडे तोंड करून. तो बोलत राहिला, अडखळत. मेहुण्याचं, खुर्चीचं, अंगठ्याचं. मग संपलं.

“आता तू सांग,” तो म्हणाला.

“माझं काय सांगायचं?”

“तुझं जे असेल ते. मी विचारतोय.”

तिने एकदा शाळेकडे, एकदा ओंडक्याकडे बघितलं. “पहिल्यापासून सांगू?”

“पहिल्यापासून.”

“मग आज लाकूड व्हायचं नाही.”

“नाही झालं तर नाही,” तो म्हणाला, आणि ती सांगायला लागली.